उजवा कौल

रामनगरात जुन्या गाड्यांचं वेड असलेला माणूस एकच, तो म्हणजे किरण. बेळगाव-गोवा रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. ट्रकवाले स्प्रिंगचा पाटा तुटला, क्लच गेला म्हणून येतात, आणि तोंड वाकडं करून का होईना, त्यांचं काम तो चोख करतो. खरा जीव मात्र मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं एखादी जुनी गाडी उभी राहिली की त्याला जेवणाखाण्याची शुद्ध नसते. त्याची बायको शिल्पा म्हणते, "माझ्या कानातलं हरवलं तर ह्यांना वरीसभर कळायचं न्हाई. गाडीचा एक ओरिजनल स्क्रू हरवू दे, घर डोक्यावर घेतात." तिचं काही चूक नाही.

'ओरिजनल' हा त्याचा लाडका शब्द. जुन्या जीपला कुणी नव्या मोटरसायकलचा आरसा लावलेला दिसला, तरी हा परक्या माणसाला रस्त्यात थांबवून सुनवायचा. लोक हसायचे, आणि वाकडी वाट करून त्याच्याकडेच यायचे. हात चांगला होता, त्यामुळे मिजास खपून जायची.

कान्हूमामाची अँबॅसिडर ट्रॅक्टरनं ओढत त्याच्या दारात आली, तेव्हा किरण हातातला पाना टाकून धावत बाहेर गेला. ही गाडी त्याच्या ओळखीची होती. रामनगर, जोयडा आणि पुढं कुंभारवाड्याच्या जंगलातल्या वाड्यांपर्यंत एसटी नावालाच जायची, त्या काळात कान्हूमामानं ही गाडी टॅक्सी म्हणून चालवली. नवऱ्या नेल्या, बाळंतिणी नेल्या, मतपेट्यासुद्धा नेल्या. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालून निघालेला, पुढची सीट एकसंध. किरण गाडी चालवायला शिकला तो ह्याच गाडीवर, कान्हूमामाच्या मांडीला मांडी लावून. गिअर चुकला की मामा हातावर चापट मारायचा, बरोबर पडला की काहीच बोलायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी मामाला अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा सुधारला, उजवा हात मात्र हट्टाला पेटला. तेव्हापासून गाडी फणसाखाली उभी होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या.

ट्रॅक्टरच्या मागोमाग रिक्षानं मामा आला. बरोबर रुक्मिणीमामी. तिनं त्याला धरून खुर्चीत बसवलं, त्याचा उजवा हात उचलून नीट मांडीवर ठेवला.

"किरणा, गाडी चालती कर," मामा म्हणाला. "पर नुसती चालती नगं. मला चालवाय येईल अशी कर."

"म्हंजे?"

"आताच्या गाड्यांचं स्टिअरिंग करंटवर असतंय न्हवं? एका बोटानं फिरतंय म्हणत्यात. तसलं बसीव. डॉक्टर बोललेत, हलकं असलं तर गावच्या रस्त्याला हरकत न्हाई. हात चालवायचा म्हणून हे बघ." त्यानं खिशातून रबरी चेंडू काढून उजव्या हातात धरला आणि सगळा जीव एकवटून दाबला. चेंडू जेमतेम दबला. "हिला एकदा म्हायेरी न्यायची हाय. जत्रंला. झटका आल्यापासून ही मला उठवती, बसवती, न्हाऊ घालती. एकदा माझ्या हातानं न्हेतो हिला. मग गाडी परत फणसाखाली गेली तरी चालंल."

"काय तरीच तुमचं," मामी म्हणाली आणि दुसरीकडं बघू लागली. तिचं माहेर कुंभारवाड्याच्या पलीकडच्या वाडीत.

आता खरं सांगायचं तर काम अवघड नव्हतं. अपघातात गेलेल्या छोट्या गाड्यांची विजेवर चालणारी स्टिअरिंगं भंगारात मिळतात, आणि किरणनं तसलं एक दुसऱ्या गाडीला बसवलंही होतं. पण त्यासाठी अँबॅसिडरच्या स्टिअरिंगचा मूळ दांडा कापावा लागणार होता. दांडा गेला की त्यावरचा गिअर गेला, डॅशबोर्डही खालून कापायचा, पुढची सीट फोडून खालून नवा गिअर वर काढायचा. इकडं किरणच्या डोक्यात गाडी केव्हाच तयार झाली होती. ह्याच मॉडेलचं हस्तिदंती रंगाचं स्टिअरिंग, हॉर्नच्या चकचकीत कडीसकट, त्याला कोल्हापुरात सापडलं होतं आणि फडक्यात गुंडाळून कपाटात पडलं होतं. जानेवारीत बेळगावला जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा. तिथं परीक्षक गाडीखाली झोपून बघतात, ओरिजनल काय आणि जोडलेलं काय. किरणला तिथं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मामा, मग ती अँबॅसिडर ऱ्हाणार न्हाई," तो म्हणाला. "वरनं अँबॅसिडर, आतनं कायबी. तुमचा तो गिअर कापून टाकू मी? ह्या हातानं?"

गिअरचं नाव काढल्यावर मामा घुटमळला. "त्या गिअरवर मी पोट भरलंय," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. आधी हाय तसं करू. चांगलं ग्रीस-बीस करून स्टिअरिंग हलकं देतो."

"तेवढ्यानं हुईल?"

"हुईल की," किरण म्हणाला. होणार नाही हे त्याला ठाऊक होतं, पण ते त्यानं तेव्हा मनावर घेतलं नाही.

मामाचं समाधान झालं नाही आणि किरणचं मन मोडवेनाही. शेवटी त्यानं तेच केलं, जे तो आयुष्यभर करत आला होता. "देवाला इचारू," तो म्हणाला. "देव सांगंल तसं."

कुंभारवाड्याच्या रस्त्याला राईत रवळनाथाचं देऊळ आहे. मामानं गाडी घेतली ती तिथं कौल लावून, इंजिन बदललं ते कौल लावून, आणि रुक्मिणीला मागणी घातली तीसुद्धा कौल लावूनच, असं तो स्वतः सांगायचा. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तिथला रिवाज असा, की आत पुजारी आणि विचारणारा दोघंच. मिळालेला कौल विचारणाऱ्यानं खाली घेऊन यायचा. पुजाऱ्यानं तो बाहेर कुणाला सांगायचा नाही, कारण देवाचा शब्द ज्याचा त्याला असतो.

मामाला पायऱ्या चढवेनात. किरणच्या व्हॅनमध्ये तो खाली बसून राहिला आणि किरण त्याच्या वतीनं वर गेला.

नागू पुजाऱ्यानं पाकळ्या लावल्या. "बोल," तो म्हणाला.

किरणनं हात जोडून खाली मामाशी ठरलेला प्रश्न घातला. "कान्हूमामाची गाडी हाय तशीच ठेवायची असंल तर उजवी दे. त्यांच्या हाताला चालंल अशी बदलायची असंल तर डावी."

नागूनं तेच देवाला मोठ्यानं सांगितलं. समई जळत होती, बाहेर एक माकड पत्र्यावरून धावत गेलं. किरण उजव्या पाकळीकडं असा टक लावून बसला होता, की डावी सुटून खाली आलेली त्याला आधी दिसलीच नाही. नागूनं ती उचलून त्याच्या हातावर ठेवली.

"पुन्यांदा लावायचा का?" किरणनं विचारलं.

"एकदा दिलं की दिलं," नागू म्हणाला आणि तबक उचलून आत गेला.

पायऱ्या उतरताना किरण खरं तेच सांगणार होता. निदान पुढं कित्येक महिने तो स्वतःला तसं बजावत राहिला. पण व्हॅनच्या खिडकीतून मामाचा चेहरा दिसला, त्याच क्षणी कपाटातलं ते स्टिअरिंगही डोळ्यांपुढं आलं, आणि मामानं "काय दिलं?" विचारल्यावर तोंडातून शब्द गेला, "उजवी."

मामा वाद घालेल, परत विचार म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. मामानं फक्त मान हलवली. "मग ऱ्हाऊ दे तसंच," तो म्हणाला. डावी पाकळी किरणच्या मुठीत होती. ती त्यानं गाडी वळवताना खिडकीबाहेर टाकली.

गाडी मात्र त्यानं अशी केली, की बघणाऱ्यानं बोट तोंडात घालावं. पत्रा ठोकून सरळ केला, दुधी रंग मूळच्या रंगाशी ताडून घेतला, सीटना जुन्या नमुन्याचं रेग्झिन शिवून आणलं. कोंबड्यांची पिसं तर शेवटपर्यंत कुठून कुठून निघत होती. काम करताना अधूनमधून त्याला ती डावी पाकळी आठवायची. मग तो आणखी मेहनत घ्यायचा, जणू काम चांगलं झालं की बाकीचं फिटेल.

दसऱ्याला मामानं गाडीची पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली. मामी नवं लुगडं नेसून पुढं त्याच्या बाजूला बसली, किरण मागं. मामानं डाव्या हातानं गिअर टाकला तो एका दमात पडला, आणि त्याच्या तोंडावर असं हसू आलं की किरणला वाटलं, झालं, सगळं ठीक झालं. गाडी शेडमधून सरळ बाहेर आली. रस्त्याला लागायला डावीकडं पुरतं वळायला हवं होतं. डावा हात ओढत होता, उजवा नुसता चाकावरून घसरत होता. मामानं दात आवळले. गाडी वळलीच नाही, समोरच्या गटाराकडं निघाली, आणि मामानं ब्रेक दाबून ती काठाशी थांबवली. लिंबं फुटताना बघायला जमलेली पोरं टाळ्या वाजवत होती, ती गप्प झाली.

मामानं इंजिन बंद केलं.

"मामा, मी कापतो दांडा," किरण मागून म्हणाला. "हलकं बसवतो. आठ-पंधरा दिसांचं काम."

"देवाच्या शब्दाबाहेर?" मामा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "त्यानं उजवी का दिली ते आता कळलं मला. माझं चालवणं संपलं म्हणून सांगत व्हता. मीच येडा, गाडीचं समजून बसलो."

तेव्हा बोलायला हवं होतं. मागच्या सीटवर बसून किरणला ते स्वच्छ कळलं. पण रस्त्यावर माणसं जमली होती, मामी पदरानं डोळे पुसत होती, आणि ह्या घडीला कसं सांगायचं, असं म्हणून त्यानं ते पुढं ढकललं. भित्र्या माणसाला योग्य घडी कधी सापडत नाही, आणि ओरिजनलचा एवढा टेंभा मिरवणारा किरण आतून भित्राच होता.

जानेवारीत मामाच म्हणाला, गाडी मेळाव्याला ने. किरण घेऊन गेला. परीक्षक गाडीखाली झोपले, गिअर हलवून बघितला, हॉर्नची कडी दाबून बघितली आणि त्याला चषक दिला. फोटोत सगळे हसताहेत, किरणचं तोंड तेवढं आजारी माणसासारखं दिसतं. शिल्पानं तो फोटो बघून विचारलं, "काय दुखत व्हतं काय?"

चषक द्यायला तो मामाच्या घरी गेला. मामा पडवीत भिंतीला टेकून बसला होता. चषक त्यानं डाव्या हातानं फिरवून बघितला आणि परत दिला. "तुझ्याकडंच ठेव. गाडीबी ठेव. मला काय करायची? तू नीट ठेवशील."

उजवा हात मांडीवर पडून होता, पूर्वीपेक्षा बारीक. किरणनं विचारलं, "चेंडू कुठाय?"

"शेजारच्या कुत्र्याला दिला," मामा म्हणाला. "देवानंच न्हाई म्हटल्यावर दाबून काय करायचंय?"

मामी पाणी शेंदायला परसात गेली, तसा किरण तिच्यामागं गेला. विहिरीच्या कडेला उभं राहून त्यानं तिला सगळं सांगितलं. पाकळी डावी पडली होती, उजवी आपण सांगितली. सांगताना त्याला रडू फुटलं.

मामीनं कळशी खाली ठेवली. ती त्याला मारेल असं क्षणभर वाटलं, आणि मारलं असतं तर त्याला बरंही वाटलं असतं.

"त्यास्नी सांगू नगंस," ती म्हणाली.

"मामी, मला ऱ्हावत न्हाई."

"तुला ऱ्हावत न्हाई म्हणून सांगायचं व्हय? दसऱ्यापास्नं ते देवाशी बोलत न्हाईत. सांजवात मी लावती, ते तोंड फिरवून बसत्यात. आता कुठं जरा निवलेत. देव न्हाई म्हणाला, ते त्यांनी कसंबसं गिळलं. तू न्हाई म्हणालास हे कळलं तर ते कसं गिळतील? तुला त्यांनी लेकागत शिकवलं रं." तिनं कळशी उचलली. "जत्रंला मला म्हायेरी जायचं हाय. तू गाडी घेऊन ये. आम्ही बसतो, तू चालव. एवढं कर आणि गप बस."

जत्रेच्या दिवशी सकाळी किरण गाडी घेऊन गेला. मामीनं मामाला मागं बसवलं आणि आपणही मागंच बसली. पुढची ती लांब सीट किरणला एकट्याला मोठी झाली. जोयड्याच्या पुढं जंगल लागलं, रस्ता वळणावळणांचा झाला. एका वळणावर किरणनं आरशात बघितलं. मामानं उजवा हात पुढच्या सीटच्या पाठीवर टेकवला होता, आणि गाडी वळेल तसा तो हात रेग्झिनवरून हळूहळू फिरत होता. डावं वळण आलं की डावीकडं, उजवं आलं की उजवीकडं. मामाचं लक्ष खिडकीबाहेर होतं. आपला हात काय करतोय हे त्याला बहुतेक माहीतही नव्हतं. किरणनं परत आरशात बघायचं टाळलं.

देवळाशी आल्यावर मामा म्हणाला, "थांबीव."

मामीनं त्याच्याकडं बघितलं. मामानं पिशवीतून नारळ काढला. तो घरूनच घेऊन आला होता, तिलाही न सांगता.

"मला चढवत न्हाई," तो किरणला म्हणाला. "तूच गेलतास, तूच जा. देवाला सांग, कान्हूनं राग सोडला म्हणून. त्यानं न्हाई म्हटलं ते माझ्या बऱ्यासाठीच म्हटलं असंल. ही आज म्हायेरी निघाली, एवढं बास झालं. काय बोलतोय तेवढं मला येऊन सांग."

किरण नारळ घेऊन पायऱ्या चढला. नागू पुजारी ओसरीत जत्रेचे हार ओवत होता. त्यानं नारळ हातात घेतला. "काय सांगू देवाला?"

"कान्हूमामानं..." किरण म्हणाला आणि त्यानं मागं वळून पायथ्याकडं बघितलं. नागूनं पायथ्याशी उभ्या दुधी गाडीकडं बघितलं, तिच्या मागच्या खिडकीतल्या म्हाताऱ्याकडं बघितलं, मग किरणकडं. गाडी बदलली नाही आणि चालवणारा मागं बसलाय, एवढं त्याला तिथूनच कळलं असावं. रिवाज मोडणारा माणूस नव्हता तो. त्यानं नारळ फोडला आणि एक कवड किरणच्या हातात दिली.

किरण त्याच पायऱ्या पुन्हा उतरला. मामा खिडकीतून तसाच बघत होता.

"सांगितलंस?"

"व्हय."

"काय म्हणला देव?"

मामी त्याच्याकडं एकटक बघत होती. तिनं अगदी थोडी मान हलवली, नको म्हणून. किरणला तिचं सांगणं पाळायचं होतं. पण ह्याच जागी, ह्याच खिडकीशी उभं राहून देवाच्या नावावर दुसरी थाप मारायची, हे काही त्याला जमलं नाही.

"मामा, त्या दिवशी डावी पडली व्हती," तो म्हणाला. "देवानं गाडी बदल म्हणून सांगितलं व्हतं. उजवी माझ्या मनाची."

मामीनं डोळे मिटून घेतले. रस्त्यानं जत्रेला जाणारी एक जीप हॉर्न वाजवत गेली.

"म्हंजे," मामा सावकाश म्हणाला, "देव मला चालव म्हणला व्हता."

"व्हय मामा."

मामा मामीकडं वळला. "ऐकलंस? न्हाई म्हणलाच नव्हता तो. चालव म्हणला व्हता मला." त्याचा चेहरा उजळला होता. झटका यायच्या आधीचा, टॅक्सीच्या दिवसांतला चेहरा. त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलला, दोन्ही तळवे कसेबसे जुळवले आणि देवळाकडं बघून नमस्कार केला. "उगीच अबोला धरला मी त्याच्याशी," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. शिव्या दिल्या असत्या तर किरणनं त्या खाल्ल्या असत्या. त्या हसण्याकडं त्याला बघवेना, त्यानं हातातली कवड खिडकीतून मामीकडं दिली.

मग मामानं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. गिअर चुकला की कसा चुकला म्हणून बघायचा, तसं.

"देव व्हय म्हणला," तो म्हणाला. "मग तुला काय झालतं रं?"

किरणपाशी उत्तरं होती. कोल्हापूरचं स्टिअरिंग होतं, हॉर्नची कडी होती, घरी फळीवर चषक होता. त्यातलं एकही त्या खिडकीतून आत देण्यासारखं नव्हतं.

"चल आता," मामी म्हणाली. "वाट बघत असतील."

तो चाकामागं बसला. गिअर पहिल्याच झटक्यात पडला, ओरिजनल गाडीचा पडायला हवा तसा. पुढच्या वळणावर त्याला राहवलं नाही आणि त्यानं आरशात बघितलं. गाडी वळली तरी मामाचा उजवा हात मांडीवरच होता, डाव्यानं नेऊन ठेवला होता तिथंच.